बॅग, कपाट आणि कोडेक

प्रत्येक घरात एक 'कॉम्प्युटरवाला' असतो. तो बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो की विमानाचं, याच्याशी नातेवाइकांना काही देणंघेणं नसतं. प्रिंटर, वायफाय, टीव्हीचा रिमोट आणि व्हिडिओ, सगळं त्याच्याच खात्यात. त्यातली व्हिडिओची तक्रार गेली कित्येक वर्षं जवळजवळ शब्दशः तीच आहे : "अरे, फाइल व्हीएलसीमध्ये मस्त चालते, पण एडिटिंगला घेतली की कसला तरी कोडेकचा एरर येतो. फाइल खराब झाली का रे?"

नाही. दहातल्या नऊ वेळा फाइल ठणठणीत असते. ती फक्त दुसऱ्या कामासाठी बनवलेली असते, आणि आपण तिला तिसऱ्याच कामाला जुंपतो. आज मला एवढंच सांगायचंय. पण हे एवढंसं न कळल्यामुळे लोक काय काय करून बसतात ते बघून वाटलं, की या वीकांताला जरा सविस्तर लिहावं.

लोक काय करतात? तीन गोष्टी. एक, 'कोडेक पॅक' शोधून टाकतात. दोन, गूगलवर पहिला दिसेल तो फुकट कन्व्हर्टर उतरवून सगळ्या फाइली त्यातून काढतात. तीन, खिसा जड असेल तर नवं ग्राफिक्स कार्ड घेतात. तिन्ही उपाय रोग काय आहे हे न बघता केलेले. ताप आला म्हणून मेडिकलवाल्याकडून दोन पांढऱ्या आणि एक पिवळी गोळी आणावी, तसलाच प्रकार. कधी कधी बरंही वाटतं, म्हणून तर सवय मोडत नाही.

कोडेक पॅकचं एक समजू शकतो. २००० नंतरच्या काही वर्षांत तो खरंच उपयोगी होता. डिव्हएक्स, एक्सव्हिड वगैरे मंडळी विंडोजला ओळखता यायची नाहीत, मग पॅक टाकला की पिक्चर दिसायचा. पण आजचे बहुतेक एडिटर आपापले डिकोडर सोबत घेऊन येतात. विंडोजमध्ये टाकलेला पॅक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तुम्ही सोसायटीच्या टाकीत पाणी भरताय आणि शेजाऱ्याला स्वतःची बोअरवेल आहे, असं ते होतं.

आत काय आहे?

पहिला घोळ नावाचा. फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही, हे कोडेकचं नाव नाही. ती बॅग आहे. बॅगेत कपडे कशा पद्धतीने घडी करून कोंबलेत, ती पद्धत म्हणजे कोडेक. एकाच एमपी४ बॅगेत एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ असू शकतो, एच.२६५चा असू शकतो, एव्ही१चा असू शकतो. शिवाय आवाजाची घडी वेगळीच. म्हणून "माझ्या दोन्ही फाइली एमपी४च आहेत, मग एक चालते आणि दुसरी का नाही?" या प्रश्नाचं उत्तर "दोन्ही बॅगा व्हीआयपीच्या आहेत, मग एकीत साड्या आणि दुसरीत पुस्तकं कशी?" एवढंच आहे. :)

जुन्या लग्नाच्या व्हीसीडी आठवत असतील. त्यात डॅट नावाच्या फाइली असायच्या. ते शेपूट बघून एडिटर बिचकतो, पण आत साधा एमपेग-१ असतो, १९९३ सालचं स्टँडर्ड. शेपूट ही ओळख नव्हे, ही एक गोष्ट जरी डोक्यात बसली तरी अर्धा गोंधळ संपतो.

आता घडी कशासाठी, तर हे गणित बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर एका चित्राला साधारण ६२ लाख बाइट. सेकंदाला ३० चित्रं, तासाला ३,६०० सेकंद. गुणाकार केला तर एका तासाला सुमारे ६७० जीबी! आयफोनच्या सेटिंगमध्ये ॲपल स्वतःच सांगतं, की याच आकाराचा व्हिडिओ मिनिटाला अंदाजे ६० एमबी घेतो. म्हणजे तासाला ३.६ जीबी. पावणेदोनशे पटींहून जास्त आकसून फाइल खिशात बसते. ही जादू आहे आणि ती फुकट मिळत नाही.

ती कशी होते? थोडक्यात, दर चित्र पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मग पुढच्या चित्रांसाठी फक्त 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढीच नोंद. काही चित्रं तर मागचं आणि पुढचं अशी दोन्हीकडची उसनवारी करतात. प्रवासाची बॅग भरताना आपण मोजे बुटात कोंबतो, चार्जर टॉवेलमध्ये गुंडाळतो, तसंच. बॅग सुरेख बंद होते. पण मधला निळा शर्ट हवा असेल तर वरचं सगळं उपसावं लागतं.

व्हिडिओ बघताना आपण बॅग वरून खाली क्रमाने उपसत जातो, त्यामुळे अडचण येत नाही. एडिटिंग करताना मात्र आपण "निळा शर्ट दे, आता तळातली लुंगी दे, आता परत मघाचा शर्ट" असं करत असतो. टाइमलाइनवर माउस मागे नेला की बिचारा प्रोसेसर जवळचं पूर्ण चित्र शोधून तिथून पुढची सगळी चित्रं पुन्हा उलगडत बसतो. त्यात तुम्ही चार ट्रॅक एकावर एक ठेवलेत म्हणजे चार बॅगा एकदम. मग फॅन ओरडतो, चित्र अडकतं आणि आपण म्हणतो सॉफ्टवेअर भिकार आहे.

एडिटिंगसाठीचे कोडेक म्हणजे ॲव्हिडचं डीएनएक्सएचडी (२००४) आणि पुढे डीएनएक्सएचआर, किंवा ॲपलचं प्रोरेस (२००७). यांत प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवलेलं असतं. कपाटात हँगरला लावलेले कपडे. हवा तो काढा, बाकीच्यांना धक्का नाही. अर्थात कपाट जागा खातं. वरचाच एक तासाचा व्हिडिओ प्रोरेस ४२२मध्ये सुमारे ६६ जीबी होतो. आणि बॅगेतले कपडे कपाटात लावले म्हणून कपडे नवे होत नाहीत हेही लक्षात ठेवा. फोनच्या फाइलचं प्रोरेस केल्याने क्वालिटी वाढत नाही, फक्त काम सोपं होतं.

मग एरर का येतो?

फाइल अडकत चालणं हे वरच्या कारणाने. पण मुळात उघडतच नाही, हे बऱ्याचदा तांत्रिक कारणाने नसतंच. कारण असतं पैसा. इथे मला थोडं चिडून लिहायचंय.

एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ उर्फ एचईव्हीसी (२०१३) ही आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्स आहेत, पण ती पेटंटांनी गच्च भरलेली आहेत. एचईव्हीसीच्या बाबतीत तर पेटंटवाल्यांचे एकाहून अधिक गट झाले, प्रत्येकाची पावती वेगळी. या कटकटीला कंटाळून गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन वगैरेंनी २०१५ मध्ये एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही१ आणला, यावरून कल्पना करा.

परिणाम आपल्यापर्यंत कसा येतो ते बघा. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि नवे आयफोन आपोआप एचईव्हीसीत रेकॉर्ड करू लागले. त्याच वर्षी विंडोज १० मधून एचईव्हीसीचा डिकोडर बाजूला काढून तो मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये वेगळा ठेवला गेला, साधारण एक डॉलर किंमत लावून. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर कित्येक वर्षं एच.२६४सुद्धा उघडत नसे, तीच आवृत्ती विंडोजवर उघडायची. आणि २०२५ मध्ये तर एचपी आणि डेलच्या काही लॅपटॉपांत एचईव्हीसी बंद करून ठेवल्याचं समोर आलं. प्रोसेसरमध्ये सोय आहे, सर्किट आहे, पण कुलूप लावलेलं!

उलटी बाजू व्हीएलसी. फ्रान्समधल्या ना-नफा संस्थेचा हा प्लेअर स्वतःचे डिकोडर घेऊन फिरतो आणि जवळपास काहीही चालवतो. त्याच्या पोटात एफएफएमपेगची लायब्ररी आहे, जी २००० साली फाब्रिस बेलार्डने सुरू केली आणि आज जगातला निम्मा व्हिडिओ तिच्या जिवावर चालतो असं म्हटलं तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. व्हीएलसीने आपल्याला लाडावून ठेवलंय. "व्हीएलसीत चालतं" याचा अर्थ फाइल धड आहे एवढाच. बाकीच्यांकडे तिची किल्ली आहे असा नाही.

माझा आक्षेप कंपन्यांनी पैसे मागण्याला नाही. मीही पगार घेतोच. आक्षेप एररच्या वाक्याला आहे. "ही फाइल उघडता येत नाही" किंवा "फाइल खराब असू शकते" हे उत्तर नव्हे. सॉफ्टवेअरला आत कुठला कोडेक आहे ते बहुतेक वेळा नेमकं कळलेलं असतं, फाइलमध्येच ती ओळख लिहिलेली असते. मग लिहा ना सरळ : "आत १०-बिट एचईव्हीसी आहे, त्याचा डिकोडर आमच्या या आवृत्तीत नाही, अमुक केलंत तर चालेल." एक ओळ. आम्ही प्रोग्रॅमर लोक 'अननोन एरर' टाइप करून घरी जातो, आणि तिकडे कुणीतरी फाइल खराब झाली समजून ती उडवून मोकळं होतं.

उडवून मोकळं होतं हे मी उगाच म्हणत नाही.

आजीचा उखाणा

मामेबहिणीच्या लग्नाची गोष्ट. हिला हौस दांडगी, लग्नाची फिल्म स्वतःच कापणार म्हणाली. तिच्याकडे तीन प्रकारचा माल होता. मैत्रिणींच्या आयफोनवरचे व्हिडिओ, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातल्या मोठ्या फाइली, आणि मामाच्या जुन्या हँडीकॅमवरचं २००९ सालचं आजोबांच्या पंचाहत्तरीचं शूटिंग. त्यात आजीने उखाणा घेतला होता. आजी २०१४ मध्ये गेली. तिचा आवाज असलेली आमच्याकडे एवढीच एक जागा.

"दादा, आजीचा व्हिडिओ दिसतोय पण आवाजच नाही," असा फोन आला. तोवर तिने एका फुकट कन्व्हर्टरमधून सगळ्या जुन्या फाइली काढल्याही होत्या. आवाज आला, पण चित्राचा पार चिखल, आणि मधोमध कन्व्हर्टरवाल्याचा शिक्का. त्याहून वाईट म्हणजे उखाण्यात नेमकं आजोबांचं नाव घेताना आवाज तुटत होता. नावाची सुरुवातच गायब. उखाण्यात नाव गेलं तर उरतं काय?

आणि मागून मामाचा आवाज : "झाल्या ना कन्व्हर्ट? मग जुन्या उडवतो, डिस्क भरलीय."

"मामा, थांब. काहीही उडवू नकोस," एवढंच मी म्हटलं आणि रविवारी त्यांच्याकडे गेलो.

हँडीकॅमच्या त्या फाइली एव्हीसीएचडी प्रकारच्या होत्या, सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेला प्रकार, शेपूट एमटीएस. चित्र एच.२६४, आवाज डॉल्बीचा एसी-३. तिच्या एडिटरला चित्र कळत होतं, एसी-३ कळत नव्हता. म्हणजे दुखणं फक्त आवाजाचं. मग चित्राला हात न लावता जसंच्या तसं नव्या एमओव्ही बॅगेत ठेवलं आणि फक्त आवाजाचं साधं पीसीएम केलं. एफएफएमपेगला एका ओळीत हे सांगता येतं, आणि चित्र पुन्हा घडी घालायचं नसल्याने तासाभराचं शूटिंग काही मिनिटांत होतं. क्वालिटीत काडीचा फरक नाही.

तुटलेलं नाव ही त्याहून मजेशीर भानगड. तो कॅमेरा रेकॉर्डिंग २ जीबी झालं की आपोआप नवी फाइल सुरू करायचा. आपल्याला ते एकच सलग शूटिंग, कार्डावर मात्र दोन तुकडे. कार्डावरचं पूर्ण फोल्डर उचललं तर त्यातल्या बाकीच्या बारक्या फाइलींवरून एडिटरला कळतं की हे दोन तुकडे एकच आहेत. मामाने पूर्वी फक्त मोठ्या एमटीएस फाइली तेवढ्या डिस्कवर टाकल्या, बाकीचा 'कचरा' सोडून. त्यामुळे दोन तुकडे वेगवेगळे उलगडले जाऊन सांध्यावरचा आवाज गळत होता. सांध्यावरच आजोबांचं नाव.

उपाय अगदी साधा. एमटीएसची रचना अशी असते की दोन फाइली बाइटला बाइट जोडून एकामागोमाग ठेवल्या तरी चालतात. जोडल्या, मग आवाज बदलला. नाव पूर्ण ऐकू आलं. मामाने ते चार वेळा लावलं, काही बोलला नाही.

या सगळ्यात महत्त्वाचं काय, तर मूळ फाइली जिवंत होत्या. कन्व्हर्टरच्या फाइलीत तो आवाज नव्हताच. त्या उडाल्या असत्या तर जगातला कुठलाही इंजिनिअर ते नाव परत आणू शकला नसता.

बाकी दोन प्रकारांची दुखणी वेगळी होती. फोटोग्राफरच्या फाइली १०-बिट, ४:२:२ रंगाच्या एच.२६४. त्या धक्के खात होत्या म्हणून दुकानदाराने मामाला चांगलं महागाचं ग्राफिक्स कार्ड विकलेलं. पण एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ उलगडायची सोय २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली, आणि हे कार्ड त्याआधीचं. कार्ड आपलं शांत बसून, सगळा भार प्रोसेसरवर! तिथे प्रॉक्सी केल्या. म्हणजे त्याच फाइलींच्या हलक्या, स्वतंत्र चित्रांच्या प्रती. त्यांच्यावर कापायचं, आणि शेवटी फिल्म काढताना एडिटर आपोआप मूळ फाइली वापरतो. जुन्याच मशीनवर काम सुरळीत झालं असतं.

आयफोनच्या व्हिडिओत चेहरे भगभगीत पांढरे दिसत होते. तो कोडेकचा दोषच नाही. २०२०च्या आयफोन १२ पासून फोन एचडीआरमध्ये रेकॉर्ड करतो आणि टाइमलाइन साध्या रंगांची होती. रंगाचं सेटिंग जुळवलं, झालं. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या दोन क्लिप मी पुन्हा मागवायला लावल्या, 'डॉक्युमेंट' म्हणून. नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून बारीक करतं. ते दाबलेलं परत फुगत नाही.

आधी विचारा, मग करा

तर यातून निघालेली माझी पद्धत. कुणी विचारलं की मी हीच सांगतो.

१. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर अख्खं फोल्डर, 'कचऱ्या'सकट.

२. मीडियाइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल टाका आणि पाच गोष्टी वाचा : चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, किती बिट, रंग ४:२:० की ४:२:२, आणि फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता. दोन मिनिटांचं काम. हे न वाचता दिलेला कुठलाही सल्ला, माझासुद्धा, हवेतला समजा.

३. मग लक्षण जुळवा. चित्र आहे, आवाज नाही : आवाजाचा कोडेक, फक्त तेवढाच बदला. आवाज आहे, चित्र काळं : चित्राचा डिकोडर नाही. दोन्ही आहे पण अडकतं : प्रॉक्सी. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी जुळत नाहीत : बदलता फ्रेम रेट, फोनच्या आणि स्क्रीन रेकॉर्डिंगच्या फाइलींत हमखास, तो स्थिर करून घ्या. रंग विचित्र : एचडीआर तपासा.

४. जेवढं दुखतंय तेवढंच बदला. बॅग बदलून भागत असेल तर घडी मोडू नका. घडी मोडावीच लागली तर थेट कपाटात लावा, म्हणजे प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर. एका बॅगेतून दुसऱ्या तेवढ्याच छोट्या बॅगेत कोंबाकोंबी केली की दर वेळी काहीतरी चुरगळतं.

५. सगळं संपल्यावर, पाठवण्यासाठी एच.२६४ची एमपी४. ती कुठेही चालते.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, "एवढं कोण करतं? मोबाइलवरच्या ॲपमध्ये टाकलं की दोन मिनिटांत रील तयार." बरोबर आहे. रीलसाठी मीही तेच करीन. फोनला स्वतःचीच घडी उलगडायची असते, त्यासाठी चिपमध्ये खास सोय असते, म्हणून तिथे एरर येत नाही. उद्या विसरायची गोष्ट असेल तर एवढा घोळ घालू नका. माझं म्हणणं ठेवायच्या गोष्टींबद्दल आहे. आणि गंमत अशी, की ठेवायची गोष्ट कुठली ते त्या वेळी कळत नाही. २००९ मध्ये उखाणा म्हणजे जेवणाआधीचा टाइमपास होता.

शिवाय काळ थांबत नाही. इंटेलचं इंडिओ कोडेक एके काळी विंडोजमध्येच असायचं. डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने जुन्या विंडोजमध्येही त्याची वाट अडवली. २०१६ मध्ये ॲपलने विंडोजवरच्या क्विकटाइमला वाऱ्यावर सोडलं. २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून मॅकवरही जुनं क्विकटाइम ७ बंद पडलं आणि त्याच्यासोबत सिनेपॅक, सोरेन्सनसारखे नव्वदच्या दशकातले कोडेक गेले. या फाइली एफएफएमपेग अजूनही उघडतं, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण ते ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांना "फाइल उघडता येत नाही" एवढंच दिसतं, आणि डिस्क भरलेली असतेच.

म्हणून एक विनंती. घरातले कॉम्प्युटरवाले तुम्हीच आहात, तर पुढच्या वेळी फोन आला की "हा कन्व्हर्टर टाक" असं सांगून सुटू नका. तीन प्रश्न विचारा : मूळ फाइल आहे का? मीडियाइन्फो काय म्हणतो? आणि तुला बघायचंय, कापायचंय की ठेवायचंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर बाकी सगळं सुटतं, आज नाही तर पुढच्या रविवारी.

आणि हो, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एखादी हार्ड डिस्क किंवा सीडींची चळत तुमच्याही माळ्यावर असेल. चहा घेता घेता काढा आणि त्यातली एक तरी फाइल उघडून बघा. नाहीच उघडली, तर आता निदान ती खराब नाही हे तरी तुम्हाला माहितेय.